अळिवाचे लाडू आणि डोंगरावरची डुकरं

आमची मुलगी डुकरांवर पीएचडी करते. हे वाक्य सरळ सांगायला मला चार वर्षं लागली. सोसायटीत कुणी विचारलं की मी म्हणायचे, "प्राण्यांवर संशोधन चाललंय तिचं." कुठले प्राणी, असं कुणी खोलात शिरलंच तर "डोंगराळ भागातले," एवढं बोलून भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि लिफ्टचं बटण दाबायचे. समोरची बाई मनात याक नाहीतर हरीण धरायची. मी धरू द्यायचे.

मी वाढले उल्हासनगरच्या कॅम्पात, सिंधी शेजारात. घरामागच्या नाल्याला डुकरं असायची. शाळेतून येताना एखादं पायाला घासून गेलं तर आई दारातच बादली घेऊन उभी. पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. शेजारच्या दादी म्हणायच्या, "अरे बच्ची है, आने दे ना," पण आई कसली ऐकते. पुढे मी तिथल्याच पालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले, तरी डुक्कर हा शब्द माझ्या तोंडी शिवी म्हणूनच राहिला. वर्गातल्या पोरांनाही घातलीय ती शिवी, खोटं कशाला बोलू. आणि माझ्या पोटची पोर जनावरांची डॉक्टर होऊन पुढे शिकायला थेट ईशान्येकडे गेली, आणि विषय काय निवडला, तर उंचावरची डुकरं. जिथे हवा विरळ, तिथे ती मजेत कशी जगतात, त्यांच्या जनुकांत असं काय आहे, हे शोधायचं. मी फोनवर म्हटलं, "अगं, घोडे नव्हते का तिकडे?" ती म्हणाली, "होते, पण डुकरं जास्त इंटरेस्टिंग आहेत."

आमच्या ह्यांना मात्र पहिल्या दिवसापासून कौतुक. हे अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते, एकतीस वर्षं, शेवटी शिफ्ट इन्चार्ज. मुलीचा फोन आला की स्पीकर लावून बसायचे आणि डुक्कर किती किलोचं, खातं काय, थंडीत झोपतं कुठे, हे असं विचारायचे की जणू उद्या एक घरी आणायचंय. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "जेवताना तरी नका काढू तो विषय."

रिटायर झाल्यावर दीड वर्षात त्यांना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग बाजारातून येताना, मग नुसती चप्पल घालताना. एके काळी हा माणूस मलंगगडावर न थांबता चढायचा आणि मी मागून शिव्या देत यायचे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं निकामी होत चाललीत, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा. कशामुळे, या प्रश्नावर ते म्हणाले, आता ते शोधून काय करणार काकी. मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची लांब नळी हॉलमधून गॅलरीपर्यंत जाते. ह्यांनी नळी नाकाला लावून गॅलरीत बसायचं, मलंगगड बघायचा, आणि मी दिवसातून पन्नास वेळा ती नळी ओलांडायची.

बोलणंही कमी झालं. चार शब्द झाले की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचे चार. आधीच मोजकं बोलणारा माणूस, त्यात हे. आमच्याकडे बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच होतं म्हणून बरं.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगते. चौथीच्या पोरांना मी पंचवीस वर्षं शिकवलं की रक्त शरीरभर ऑक्सिजन वाहून नेतं. मग माझं गणित सरळ होतं. ह्यांना ऑक्सिजन कमी पडतोय, म्हणजे वाहून नेणारं रक्त वाढवायला पाहिजे. आणि रक्त वाढवणं हे तर आमच्या घराण्यातल्या बायकांच्या डाव्या हाताचं काम. बाळंतीण असो, कारखान्यातून आलेला जावई असो, परीक्षेला बसलेली पोर असो, आमच्याकडे एकच औषध. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, गूळ-खोबऱ्यात शिजवायचे, लाडू वळायचे. सकाळी एक, संध्याकाळी एक. जोडीला बिटाची कोशिंबीर, भिजवलेल्या मनुका, खजूर, आणि सगळ्या पालेभाज्या लोखंडी कढईत. ह्यांना अळीव आवडत नाहीत. दातात अडकतात म्हणतात. तरी निमूट खायचे, कारण नाही म्हणायलाही श्वास लागतो.

तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? आमच्या मेडिकलवाल्याकडून रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या, लोहाच्या. डॉक्टर ओरडतील म्हणून त्यांना विचारलं नाही. गोळी रोज लाडवाबरोबर हातावर ठेवायची, आणि पाकीट साखरेच्या डब्यामागे.

दोन-तीन महिन्यांत चेहऱ्यावर लाली आली. गाल लाल, कान लाल. खालच्या मजल्यावरची म्हणाली, "काका किती फ्रेश दिसतात हो." मी तिला अळिवाची सगळी कृती सांगितली, प्रमाणासकट. हे आंघोळीनंतर अंग खाजतं म्हणायचे, डोकं जड आहे म्हणायचे. मी म्हणायचे, पंख्याखाली बसता म्हणून.

याच सुमाराला मुलीचा फोन आला. तिला वरच्या एका गावात काम मिळत होतं, दहा-अकरा हजार फुटांवर. दीड वर्ष तिथेच राहायचं, गावातल्या काळ्या डुकरांचं आणि खालून नेलेल्या पांढऱ्या डुकरांचं रक्त दर महिन्याला तपासायचं, वेगळं कुठे होतंय ते बघायचं. सगळ्या अभ्यासाचं सार त्यातच होतं. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं. मध्ये उठून घरी येणं सोपं नव्हतं. ती आनंदानं सांगत होती. मी स्पीकर बंद केला, फोन घेऊन बेडरूममध्ये गेले आणि म्हटलं, "तू ये इकडे. बाबांचं काही खरं नाही."

तसं काही नव्हतं. त्या दिवशी ह्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या होत्या.

ती चौथ्या दिवशी आली. बाबांना बघून म्हणाली, "बरे दिसताहेत की." मी म्हटलं, तुला काय कळतंय, दिवसा बरे दिसतात. आठ दिवसांनी ती गॅलरीत उभी राहून तिच्या गाइडशी फोनवर बोलत होती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. घरची अडचण आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं ती सांगत होती. फोन ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिली, पाठमोरी. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. घडी केलेला टॉवेल मी उगाच परत उघडून परत घडी केला.

बाबांना तिनं सांगितलं, सुट्टी वाढवून घेतलीय.

मग ह्यांच्या नेहमीच्या तपासणीची वेळ आली. रिपोर्ट मीच आणला, विठ्ठलवाडीहून येता येता रिक्षात उघडला आणि बघितलं तर हिमोग्लोबिन एकोणीस. आमच्या खानदानात कुणाचं बाराच्या वर गेलेलं मला आठवत नाही. रिक्षातूनच बहिणीला फोन लावला. "एकोणीस गं," मी म्हटलं, "एकोणीस." तीही म्हणाली, कमाल आहे तुझी. घरी आल्यावर पोरीच्या हातात कागद दिला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. तिनं तो वाचला, बाबांच्या लाल कानांकडे बघितलं, त्यांची नखं बघितली आणि मला विचारलं, "आई, लाडू सोडून अजून काय देतेस?"

मी साखरेच्या डब्यामागचं पाकीट काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, रक्त घट्ट झालंय, असं राहिलं तर कुठेही गुठळी होऊ शकते. ऑक्सिजन कमी पडला की शरीर आपणहूनच रक्त वाढवत सुटतं, त्यात तुम्ही लोह पुरवलंत. सगळा दोष तुमचा नाही काकी, पण गोळ्या आजपासून बंद. आणि त्यांनी ह्यांना आडवं करून एक पिशवी रक्त काढून टाकलं. मी शेजारी स्टुलावर बसले होते. माणसं रक्त मिळावं म्हणून वणवण फिरतात, आणि इथे मी चमचा चमचा करून वाढवलेलं रक्त नळीतून खाली जात होतं. काळपट, दाट. ह्यांनी मोकळ्या हातानं माझा गुडघा थोपटला. मला शरमेनं मान वर करवेना.

त्या दुपारी घरी आम्ही तिघं जेवायला बसलो. ह्यांचं डोकं म्हणे किती दिवसांनी हलकं झालं होतं. मी मात्र गप्प. माझं गप्प बसणं घरात कुणाला झेपत नाही, म्हणून पोरगी समजावायला लागली. तिनं वरणाची वाटी पुढे ओढली.

"आई, हे बघ. वरण पातळ आहे तोवर कुठेही ओतता येतं. त्यात पीठ घालत गेलीस तर पिठलं होईल. खायला जास्त आहे खरं, पण पळीतून पडत नाही. बाबांच्या रक्ताचं पिठलं झालं होतं."

"माझ्या पिठल्याला नावं ठेवू नकोस," मी म्हटलं.

"ऐक तर. मी जी पांढरी डुकरं म्हणते ना, खालची, त्यांना वर नेलं की अगदी हेच होतं. हवा विरळ मिळते, अंग घाबरतं आणि रक्त वाढवत सुटतं. पहिले काही दिवस बरं वाटतं. मग रक्त घट्ट होतं, हृदयाला ते ढकलवत नाही, फुप्फुसातल्या नळ्यांवर दाब येतो. काही दगावतात, काहींची पिलं जगत नाहीत."

"आणि वरची?" ह्यांनी विचारलं.

"वरची घाबरत नाहीत, बाबा. त्यांचं रक्त फारसं वाढतच नाही. अंगानं लहान, हृदय दणकट, फुप्फुसात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट. आहे त्या हवेत भागवतात."

"त्यांना हे शिकवलं कुणी?" मी विचारलं. शिक्षिकेची खोड, जाते कुठे.

"कुणीच नाही. शेकडो पिढ्या गेल्या. ज्यांचं रक्त घट्ट व्हायचं त्यांची पिलं कमी उरायची. ज्यांच्या जनुकांत जरा फरक होता, ज्यांचं अंग कमी घाबरायचं, त्यांची जास्त उरली. असं होत होत तीच राहिली."

"म्हणजे मी ह्यांचं खालचं डुक्कर करून ठेवलं," मी म्हटलं.

हे हसले. हसता हसता खोकला आला, पोरीनं पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं. मग ते शांत झाले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "मग वरची डुकरं... आता कोण बघतंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मला दोष देत नव्हती. आता सांगू का खोटं, एवढंच विचारत होती. आपलं लेकरू आपल्यासाठी खोटं बोलायला तयार आहे, हे बघणं फार वाईट असतं.

मग मीच सांगितलं. फोन बेडरूममध्ये नेला ते, बाबांचं काही खरं नाही म्हटलं ते, ती जागा तिनं सोडली ते, सगळं. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर खरं कारणही बाहेर पडलं. मी ह्यांच्यासाठी तिला बोलावलं नव्हतं. हे तसे बरे होते. मला भीती वाटत होती. दिवसभर ते मशीन घरघरतं, आणि ते एक दिवस बंद होईल तेव्हा घरात मी एकटी असेन, ही भीती. मी वर्गात साठ पोरं एका आवाजात गप्प करणारी बाई. पण मला एकटीला ते बघायचं नव्हतं.

लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडायचं होतं त्यांना, मला दिसत होतं, पण तेवढा दम नव्हता. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि पोरीकडे बघून बोलायला लागले. चार शब्द, श्वास, चार शब्द, श्वास. मी मध्ये बोलायला गेले तर हातानं थांबवलं.

"तू इथे बसलीस म्हणून... मला एक श्वास... जास्त मिळत नाही. माझं जे व्हायचंय... ते तू असलीस... तरी होणार. पण तू वर गेलीस... तर रोज काहीतरी... नवीन ऐकायला मिळेल. मला या गॅलरीत... दुसरं काय आहे? तो गड... पाठ झाला माझा. तुझी डुकरं सांग... रोज सांग. जा तू."

एवढं बोलणं त्यांनी वर्षभरात केलं नव्हतं. संपेपर्यंत ओठ निळे पडले. पोरीनं बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ब्याऐंशीवर गेला होता, आणि तो नव्वदपर्यंत येईस्तोवर आम्ही दोघी त्यांचा एकेक हात धरून बसून होतो. त्यांनी सगळ्या दिवसाची हवा त्या एका बोलण्यावर घालवली होती. मला राग आला होता, लाज वाटत होती आणि या माणसावर इतकं प्रेम दाटून आलं होतं की ते कुठे ठेवावं कळेना. मी उठून ताटं उचलली. मग बेसिनपाशी उभी राहून म्हटलं, "ऐकलंस ना बाबांचं? लाव फोन गाइडला."

जागा अजून रिकामी होती. निघायला पाच दिवस होते.

त्या पाच दिवसांत मी मोजे घेतले, बामच्या बाटल्या घेतल्या, उल्हासनगरच्या बाजारातून जाड जॅकेट आणलं. आणि सवयीनं अळीव भिजत घातले. हात आपणहून चालतात. लाडू वळले, स्टीलच्या डब्यात भरले, डबा तिच्या सॅकच्या तळाशी ठेवला. निघायच्या सकाळी हे म्हणाले, "लाडू दिलेस?" मी म्हटलं, दिले की. म्हणाले, "ती वर चाललीय." एवढंच.

वर चाललीय. खालची पोर, खालचं रक्त. वर गेल्यावर अंग घाबरणार, रक्त वाढवणार, आणि मी तळाशी गूळ-अळिवाची शिदोरी भरून देतेय. बारा लाडवांनी काही होत नाही, हे मला कळत होतं. पण एकदा मी न विचारता रक्त वाढवून बसले होते. सॅक उघडली, मोजे काढले, जॅकेट काढलं आणि तळाचा डबा बाहेर घेतला. या घरातून कुणालाही मी लाडवाशिवाय बाहेर पाठवलेलं नाही, अगदी जवळच्या शहाडलासुद्धा नाही. डबा ओट्यावर ठेवला.

पोरगी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती आली, डबा उघडला, दोन लाडू कागदात गुंडाळून खिशात टाकले. "दोन चालतात," म्हणाली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जरा वेळ उभी राहिली.

त्याला आता पाच महिने झाले. रोज संध्याकाळी सात वाजता, रेंज असेल तर, तिचा व्हिडिओ कॉल येतो. आधी बापलेक बोटाला ऑक्सिमीटर लावतात. "माझा एकोणनव्वद," हे म्हणतात. "माझा सत्त्याऐंशी," ती तिकडून म्हणते, आणि ह्यांना असा आनंद होतो की जणू शर्यत जिंकली. माझा अठ्ठ्याण्णव असतो, पण मला कोण विचारतंय. मग ती डुकरं दाखवते. काळी, केसाळ, बुटकी, लांब तोंडाची. एक म्हातारी डुकरीण आहे, कानाला पिवळा बिल्ला, ती बर्फाच्या कडेनं दिवसभर मुळं उकरत हिंडते. तिला मागच्या महिन्यात पिलं झाली. माझ्याच तोंडून निघून गेलं, "जेवली का गं ती? बाळंतीण आहे, बघा जरा तिच्याकडे." पोरगी इतकी हसली की तिलाच धाप लागली. आता मी सोसायटीत सगळ्यांना सांगते. डुकरं. हो, डुकरंच. बसा, सांगते.

ह्यांचं दर दोन महिन्यांनी रक्त तपासतो. सध्या सोळाच्या आसपास आहे. डॉक्टर म्हणतात, ठीक. फुप्फुसांबद्दल ते काही म्हणत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. चार शब्दांवरून आता तीनवर आलेत.

परवा ती म्हणाली, "बाबा, मी माझंही रक्त तपासलं. वाढलंय. फार नाही, पण वाढलंय. गावातल्या बायकांचं माझ्याइतकं नाही." मी घाबरले, मग आता काय करायचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, काही नाही आई, मी खालचीच ना, खाली आले की होईल कमी.

फोन ठेवल्यावर हे गडाकडे बघत होते. मी नळी पायात येऊ नये म्हणून गुंडाळून शेजारी बसले.

"खालची आहे ती," ते म्हणाले. श्वास घेतला. "खाली येईल परत."

"अजून तेरा महिने आहेत," मी म्हटलं. मला जे विचारायचं होतं ते मी आजवर विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "आणि तुम्ही?"

त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा यायची वाट बघितली. अठ्ठ्याऐंशी आला. मग माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"मी थांबतो की," ते म्हणाले.